ताण : एका निरोपाचा इतिहास

पंढरपूरच्या उत्तरेला करकंबच्या बाजूने निघाले, की काळ्या रानात रब्बीची ज्वारी उभी दिसते. परतीच्या पावसाचे जे पाणी जमिनीत मुरले, त्याच ओलीवर तिला कणीस भरायचे असते. ओल हटू लागली की भर दुपारी तिची पाने आत वळतात आणि ऊन उतरले की पुन्हा उलगडतात. पीक ताणावर आले, असे शेतकरी म्हणतो. डाळिंबवाला तर बहार धरण्यासाठी पाणी तोडून बाग मुद्दाम ताणावर सोडतो. हा ‘ताण’ झाडाला नेमका कसा कळतो, याचा शोध मात्र गेल्या साठेक वर्षांतला आहे. आणि त्याची सुरुवात एका चुकीच्या नावाने झाली.

पानाच्या त्वचेवर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. ही पर्णरंध्रे. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते. याच वाटेने कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. म्हणजे झाडाला अन्न हवे असेल, तर पाणी गमावावेच लागते. कोरडवाहू शेतीचा सारा हिशेब या एका दारावर येऊन ठेपतो.

1963च्या सुमारास दोन ठिकाणी एकच पदार्थ हाती लागला, पण शोधणाऱ्यांपैकी कोणीच या दाराचा विचार करत नव्हते. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट यांचा गट कपाशीची कोवळी बोंडे का गळतात, हे पाहत होता. आपल्याकडच्या कापूसकऱ्याला पातेगळ-बोंडगळ नवी नाही. वेल्समध्ये फिलिप वेअरिंग यांचा गट झाडांच्या कळ्या हिवाळ्याआधी झोपी का जातात, याच्या मागावर होता. एकाने पदार्थाला ‘ॲबसिसिन’ म्हटले, दुसऱ्याने ‘डॉर्मिन’. 1965मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉन कॉर्नफर्थ यांनी दोन्ही एकच असल्याचे दाखवले. 1967मध्ये नाव पक्के झाले : ॲबसिसिक आम्ल, म्हणजे गळ घडवणारे. पुढे कळले, की पानगळीत मोठा वाटा इथिलीन या दुसऱ्याच संप्रेरकाचा आहे. पण नाव चिकटले ते चिकटलेच.

खरे काम उघड झाले ते सुकणाऱ्या पानात. 1969मध्ये इंग्लंडमध्ये राइट आणि हायरन यांनी गव्हाची तोडलेली पाने थोडी सुकू दिली, तेव्हा त्यांतले हे आम्ल कित्येक पटींनी वाढलेले आढळले. पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या इंबर आणि ताल यांनी ‘फ्लाका’ नावाचा सदोष टोमॅटो तपासला. त्याची रंध्रे मिटतच नसत, त्यामुळे झाड सतत मान टाकून असे. त्याला बाहेरून हे आम्ल दिले, आणि ते सावरले. गळीचे म्हणून नाव मिळालेले रसायन प्रत्यक्षात दार लावण्याचा निरोप होता.

हा निरोप रक्षक पेशीला कळतो कसा, हे कोडे सुटायला 2009 उजाडले. कॅलिफोर्नियात शॉन कटलर आणि म्युनिकमध्ये एर्विन ग्रिल, पुन्हा दोन स्वतंत्र गटांनी निरोप झेलणारी प्रथिने ओळखली. आम्ल त्यांना चिकटले की ती एरवी लगाम धरून बसलेल्या दुसऱ्या प्रथिनांना अडकवतात. लगाम सुटतो, पेशीतले क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जाते आणि दार मिटते.

याच्या कितीतरी आधी, 1933मध्ये, सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले होते. बांधबंदिस्ती, विरळ पेरणी, वरचेवर कोळपणी यांवर तिथे भर होता. त्याच दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून ‘एम 35-1’ हा वाण निवडला गेला. संप्रेरकाचे नावही तेव्हा जगाला ठाऊक नव्हते. ताण सोसून दाणा देणारे ताट कोणते, एवढेच शेतात पारखले गेले. आणि ती पारख टिकली.

करकंब परिसरातल्या द्राक्षवाल्यांना जवळचा वाटेल असा प्रयोग 1990च्या दशकात ऑस्ट्रेलियात झाला. ब्रायन लव्हीज आणि पीटर ड्राय यांनी वेलीच्या मुळांची एक बाजू ओली, दुसरी कोरडी ठेवली आणि काही दिवसांनी बाजू बदलली. पानांना पाणी पुरत होते, तरी कोरड्या बाजूच्या इशाऱ्याने रंध्रे अर्धवट मिटली आणि पाणी वाचले. हा इशारा मुळातून आम्लच घेऊन येते का, यावर मात्र वाद झाला. सदोष टोमॅटोच्या मुळावर निरोगी शेंडा कलम केला, तरी माती सुकताच रंध्रे मिटली. म्हणजे पान स्वतःही निरोप तयार करते.

मात्र मिटलेले दार फुकट नसते. वाफ अडते तसा कार्बन डायऑक्साइडही अडतो, पानाची भूक भागत नाही आणि पान तापते. ताण लांबला की दाणा बारीक राहतो. म्हणून ‘हे पीक ताण सोसते’ याचा अर्थ त्याला पाणी लागत नाही असा नव्हे. ते पाण्याच्या बदल्यात उपाशी राहते, एवढेच. दुपारी वळलेले ज्वारीचे पान हाच हिशेब मांडत असते. ऐन पोटरीत एखादे पाणी देता आले, तर तो तिच्या बाजूने फिरतो.