आठ बाय चारची वंशावळ

अमेरिकेत हौसेनं घरीच बांधलेले कॅम्पिंग ट्रेलर पाहिले की एक घाट वारंवार नजरेस पडतो. पुढून फुगीर, मागे उतरता, बाजूनं आडव्या थेंबासारखा. नावही तेच, टिअरड्रॉप. आत फक्त गादी. उभं राहता येत नाही; दारातून सरकत शिरायचं आणि आडवं व्हायचं. मागचं झाकण वर उचललं की त्याखाली ओटा, शेगडी, डबे, आणि स्वयंपाक करणारं माणूस बाहेर जमिनीवर उभं. लांबी साधारण ८ फूट, रुंदी ४ फूट, अंगाची उंची ४ फूट. पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला तरी ही मापं फारशी हललेली नाहीत.

वाऱ्याला अडू नये म्हणून हा घाट आला, असं सहसा सांगतात. ते खोटं नाही. १९३४ साली क्रायस्लरची ‘एअरफ्लो’ बाजारात आली आणि मोटारीपासून इस्त्रीपर्यंत सगळ्याच वस्तूंना गोलाई देण्याचा तो काळ होता. पण मला विचाराल तर या ट्रेलरचा मूळपुरुष वाऱ्याच्या अभ्यासकांत सापडत नाही. तो लाकडाच्या वखारीत सापडतो.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे जीवाणुशास्त्रज्ञ, एका औषध कंपनीचे अध्यक्ष. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी घरच्यांसाठी तंबूचा ट्रेलर विकत घेतला. तो काही मिनिटांत उभा राहतो अशी जाहिरात होती. सहलीला गेले, पाऊस आला, तंबू उभा राहता राहिना आणि सगळं कुटुंब भिजून गेलं. शर्मननी मग स्वतःच एक पक्क्या भिंतींचा ट्रेलर बांधवून घेतला: ६ फूट रुंद, ९ फूट लांब, उंची कारपेक्षा जास्त नाही, अंग मॅसोनाइटच्या फळ्यांचं. मॅसोनाइट म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला कडक पुठ्ठा म्हणावा असा फळा. मुलांनी त्या ट्रेलरला ‘कव्हर्ड वॅगन’ नाव दिलं. जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात तो ४०० डॉलरला मांडला गेला आणि खपला. १९३६ पर्यंत शर्मन यांची कंपनी या धंद्यात सर्वांत मोठी झाली होती. त्या वर्षी तिनं सुमारे ६,००० ट्रेलर विकले.

४०० डॉलर म्हणजे किती, हे कळायला दोन आकडे पुरतात. १९२५ मध्ये फोर्डची सर्वांत स्वस्त मॉडेल टी २६० डॉलरला मिळत होती. आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर कारखान्यातल्या कामगाराच्या हाती आठवड्याला सरासरी २० डॉलर पडत होते. म्हणजे कव्हर्ड वॅगन घेणारा कामगार नव्हे. कामगाराला सुट्टी हवी होती, कर्ज नको होतं, आणि महामंदीत अनेकांकडे पैशापेक्षा वेळ जास्त होता. त्याच्यासाठी दुसरी वाट निघाली ती मासिकांतून.

लॉस एंजेलिसचे वॉली बायम हे मूळचे प्रकाशक. १९२९ च्या सुमारास त्यांनी मॉडेल टीच्या सांगाड्यावर आधी तंबू उभारला आणि मग तो काढून थेंबाच्या आकाराचा पक्का आडोसा केला. आत बर्फाची पेटी आणि रॉकेलचा स्टोव्ह. शंभर डॉलरांत ट्रेलर कसा बांधावा, यावर त्यांनी ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’मध्ये लेख लिहिला. वाचकांनी नकाशे मागितले, बायमनी ते टपालानं विकले आणि त्यातून भांडवल उभं राहिलं. १९३१ साली कल्व्हर सिटीत कारखाना निघाला. पुढे जगप्रसिद्ध झालेली ‘एअरस्ट्रीम’ ती हीच. तिच्या १९३६ च्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या ‘क्लिपर’ची किंमत मात्र १,२०० डॉलर होती. शंभराच्या लेखापासून बाराशेच्या क्लिपरपर्यंत बायम सात-आठ वर्षांत पोचले. वाचक शंभरातच राहिले, आणि माझ्या लेखी खरी कुळकथा त्या वाचकांची आहे.

आता वखारीकडे वळू. १९०५ मध्ये ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या प्रदर्शनात तिथल्या एका कारखान्यानं डग्लस फरच्या पातळ साली एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवून केलेले फळे मांडले. दारं बनवणाऱ्यांनी ते उचलले. १९२८ मध्ये ४ फूट बाय ८ फूट हे माप बांधकामासाठी ठरलं. तरी एक उणीव होती: सोयाबीन किंवा दुधातल्या केसिनपासून केलेला डिंक पाणी लागलं की सुटायचा आणि प्लायवूडचे पापुद्रे निघायचे. १९३४ साली वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबर्डीन गावी जेम्स नेव्हिन या रसायनतज्ज्ञानं पूर्ण जलरोधक डिंक तयार केला. हे झाल्यावर प्लायवूड पावसात, उघड्यावर, चाकांवर राहू शकलं. टिअरड्रॉपचे नकाशे मासिकांत फोफावले ते याच दशकात. पॅसाडेनाच्या लुई रॉजर्सनी मधुचंद्रासाठी म्हणून आखलेला ट्रेलर ‘पॉप्युलर होमक्राफ्ट’ या मासिकात आला, तोही तिशीतलाच. तो या जातीचा जुन्यातला जुना छापील नकाशा मानतात.

आपल्याकडच्या कुठल्याही प्लायवूडच्या दुकानात ‘आठ बाय चार’ म्हटलं की तेच शीट पुढे येतं, त्यामुळे पुढचा हिशेब मराठी सुतारालाही जागेवर पडताळता येईल.

एक शीट जमिनीला घाला. लांबी ८, रुंदी ४ झाली. एक तुकडाही कापावा लागला नाही. एकेक शीट दोन्ही बाजूंना उभं करा. उंची ४ झाली. फक्त कोपऱ्यांतली गोलाई जिगसॉनं कापायची. अमेरिकेतल्या जुन्या डबल बेडची गादी ५४ इंच रुंद आणि ७५ इंच लांब. रुंदीत आपण ६ इंच कमी पडलो, म्हणजे दोघांना जरा दाटीनं झोपावं लागणार. लांबीत मात्र ९६ वजा ७५, असे २१ इंच उरले. या २१ इंचांत दुसरी खोली होत नाही, पण ओटा होतो. तो मागे, गादीपलीकडे, मध्ये एक पातळ भिंत. आत उभं राहता येत नसल्यानं ओट्याचं तोंड बाहेर. स्वयंपाक बाहेर करण्याची ही रीत कुणी मोकळ्या हवेच्या प्रेमानं आखलेली नाही. ती शीटच्या शिलकीतून आली, आणि मग लोकांना ती इतकी आवडली की मोठे ट्रेलर परवडणारेही याच ओट्यासाठी टिअरड्रॉप घेतात.

छताचं गणित याहून सुंदर आहे. पाव इंची, म्हणजे दोन सुती प्लायवूड साधारण २ फूट त्रिज्येपर्यंत न मोडता वाकतं. ४ फूट उंचीच्या बाजूत २ फूट त्रिज्या म्हणजे बरोबर अर्धवर्तुळ. पुढचं फुगीर नाक लाकूड स्वतःच सांगतं. पण हे वाकणं शीटच्या रेषांना आडवं असेल तरच. रेषांच्या दिशेनं वाकवायचं तर ५ फुटांची त्रिज्या लागते. म्हणून कुणी शीट मधोमध कापून चौरस तुकडे फिरवून आडव्या पट्ट्यांवर जोडतं, कुणी एक सुती प्लायवूडचे दोन थर एकावर एक डकवतं. पुढच्या तळापासून मागच्या झाकणापर्यंत सलग कातडी गेली की समोरून येणाऱ्या पावसाला कोपऱ्याचा सांधा सापडत नाही. खोका बांधणं याहून सोपं असतं, पण त्याच्या छताच्या पुढच्या कडेला सांधा येतो आणि तो आज ना उद्या गळतो. टिअरड्रॉपला दुखणं उरतं एकच, मागच्या झाकणाच्या बिजागरीचं.

नकाशा छापायची पद्धतही साधी होती. मासिकाच्या पानावर चौकटींची जाळी, तीत बाजूची वक्ररेषा. वाचकानं शीटवर मोठ्या चौकटी आखायच्या, रेषा जिथे जिथे चौकट छेदते तिथे खिळे ठोकायचे, त्यांना टेकून एक लवचिक पट्टी वाकवायची आणि पेन्सिल फिरवायची. नावा बांधणारे पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आले होते. दोन हात, एक करवत आणि अंगण असलेल्या कुणालाही हे जमण्यासारखं होतं.

महायुद्धानंतर या घराण्यात ॲल्युमिनियम आलं. युद्धासाठी वाढवलेलं उत्पादन आणि मोडीत निघालेली विमानं, दोन्ही एकदम बाजारात. ॲरिझोनातल्या किंगमनच्या एका तळावरच ५,००० हून अधिक विमानं वितळवण्यासाठी उभी होती. ट्रेलरवर आधी रंगवलेलं कॅनव्हास असे, आता पत्रा चढला. चाकं बऱ्याचदा लष्करी जीपची. १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’नं छापलेला नकाशा तर आजही लोक पुढे ठेवून बांधतात.

वजनाचा हिशेब बांधणाऱ्यानं शीट कापण्याआधीच करावा, असं मी आग्रहानं म्हणेन. पाऊण इंची फरचं शीट ३० किलोच्या आसपास, अर्धा इंची २०, पाव इंची १०. बाजूंची दोन मिळून ६०, जमीन २०, छत १५ ते २०, मधली भिंत आणि कपाटं मिळून ४०. लाकूडच १४० किलो झालं. लोखंडी सांगाडा, ॲक्सल आणि चाकं मिळून ११० धरा. वरचा पत्रा ३० किलो. मग दारं, खिडक्या, गादी, बॅटरी, २० लिटर पाणी, शेगडी, भांडी. गोळाबेरीज ३५० ते ४०० किलोंवर येते. अमेरिकेत अनेक छोट्या गाड्यांची ओढण्याची मर्यादा ४५० ते ६८० किलोंच्या दरम्यान असते, आणि युरोपात स्वतःचा ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोंची सीमा आहे. टिअरड्रॉप दोन्हींत बसतो. १९३० च्या दशकात तर गाडीची ताकदच तोकडी होती: फोर्डची मॉडेल ए ४० अश्वशक्तीची, १९३२ ची फोर्ड व्ही-८ ६५ ची.

एकूण वजनाइतकंच ते कुठे पडतं हेही पाहावं लागतं. आपल्या बैलगाडीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही: मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, पुढे जास्त झाला की ती धुरजड होते. ट्रेलरचंही तेच, फक्त वेग शंभराचा. मागे भार गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झोके वाढत जाऊन कारलाच फिरवतात. म्हणून वजनाचा १० ते १५ टक्के भाग कारच्या हुकावर पडावा असा दंडक आहे. ४०० किलोंच्या ट्रेलरला ४० ते ६० किलो. टिअरड्रॉपचा ओटा नेमका मागे, सगळं जड सामान तिकडेच. त्यामुळे ॲक्सल मध्यावर न ठेवता मागे सरकवतात आणि बॅटरी पुढच्या दांडीवर बसवतात. मासिकातल्या नकाशावर ॲक्सल मागे सरकलेला का दिसतो, हे न कळता तो सरळ मध्यावर लावणारे अजूनही भेटतात. त्यांच्यासाठी मला खरोखर काळजी वाटते.

किमतीबद्दल मात्र मासिकांनी वाचकांना थोडं फसवलंच. त्या शंभर डॉलरांत स्वतःच्या हातांची मजुरी धरलेली नसायची आणि ॲक्सल भंगारातला गृहीत धरलेला असायचा. आजही तोच घोळ होतो. लोक शीटं मोजतात. सहा-सात शीटांचा खर्च फार नसतोच. पैसा जातो तो दारं-खिडक्या, बिजागऱ्या, दिवे, वायर, बॅटरी, सीलंट आणि चांगली गादी यांत. सांगाडा विकतचा घेतला तर तो वेगळाच. अमेरिकेतल्या हत्यारांच्या दुकानांत ४८ बाय ९६ इंचांचा घडीचा ट्रेलर सुट्या भागांत मिळतो आणि अनेकांची सुरुवात तिथूनच होते. माप पाहिलंत तर लक्षात येईल की तोही शीटसाठीच बनलेला आहे. सगळं धरून घरगुती टिअरड्रॉप आज काही हजार डॉलरांत होतो. तयार घ्यायचा तर रक्कम कितीतरी पटींनी वाढते.

१९५० च्या दशकात हा ट्रेलर मागे पडला. १९५६ च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्ग आले, व्ही-८ इंजिनं दांडगी झाली, आणि उभं राहता येणारा, संडास-न्हाणी असलेला ट्रेलर ओढणं सोपं झालं. नव्वदीच्या दशकात हौशी मंडळींनी जुने नकाशे पुन्हा बाहेर काढले.

अलीकडे लाकूडच काढून टाकणारा एक पंथ निघाला आहे. बांधकामात उष्णतारोधासाठी वापरतात ते दाट फोमचं आठ बाय चारचं शीट २ इंच जाड असूनही चार किलोंच्या आत भरतं. अशा शीटांचं अंग करायचं, बाहेरून सुती कॅनव्हास लाकडाच्या जलरोधक डिंकात भिजवून चिकटवायचं आणि वर घराच्या भिंतीचा रंग द्यायचा. भिंतींचं वजन निम्म्याहून खाली येतं. पण फोममध्ये स्क्रू धरत नाही. म्हणून दाराची बिजागरी, झाकणाचा दांडा, कपाटाची फळी जिथे यायची ती प्रत्येक जागा आधी ठरवून तिथला फोम कोरावा लागतो आणि त्यात लाकडाचे ठोकळे डिंकानं बसवावे लागतात. कॅनव्हास चढल्यावर एखादा ठोकळा राहिल्याचं लक्षात आलं, तर पुन्हा कापून तो बसवण्याखेरीज इलाज नाही.