काळ्या खिडकीची दुरुस्ती

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक मुख्यतः मिरचीचे अडते. त्यांची पट्टी-खतावणी फॉक्सप्रोत बांधलेल्या डॉसच्या प्रोग्रामवर चाले. काळ्या पडद्यावर नाव टाइप करून एंटर मारायचं. प्रोग्राम उठला नाही की 'बॅड कमांड ऑर फाइल नेम', आणि लगेच माणूस दुकानात हजर: ''भाऊ, मशीन बंद पडी गयं!''

मशीन बहुधा ठणठणीत असायचं. मिरचीची धूळ पुसली की झालं. प्रोग्रामही जागेवर असे, फक्त डॉसला ती जागा ठाऊक नसे. ती सांगणारी पाथची ओळ ऑटोएक्झेक डॉट बॅट या फाइलीत असायची, आणि कोणी नवीन काही बसवलं की तिची वाट लागायची. डॉसची ओळ १२७ अक्षरांपुढे जात नसे, म्हणून फोल्डरला आखूड नावं देण्याची आमची रीत पडली.

एक्सपी आलं आणि पाथ रजिस्ट्रीत गेला, निरोपही बदलला: 'इज नॉट रेकग्नाइज्ड'. तेवढं निभावलं. खरा फटका ६४-बिट विंडोजने दिला. तिच्यात १६-बिट प्रोग्राम चालवणारा भागच नाही, मग पाथ कितीही नीट करा. काहींना मी डॉसबॉक्स लावून दिलं. काहींनी एक्सपीचं जुनं मशीन निव्वळ खतावणीसाठी राखलं, आणि माझ्या मते तेच शहाणे. साध्या डॉसबॉक्समधून प्रिंटरवर छापता येत नाही, आणि पट्टी छापून निघेपर्यंत शेतकरी दारात उभा.

आता शहाद्याची इंजिनीअरिंगची मुलं लॅपटॉप घेऊन येतात. जावा बसवलं, पण 'जावासी' उठत नाही. पायथन लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. २०१९ पासून विंडोज १० मध्ये तशी सोयच करून ठेवली आहे, ती सेटिंगमधून बंद करावी लागते. कुणी 'सेटएक्स'ने पाथ लिहितो आणि तो १०२४ अक्षरांवर कापला जातो.

पोरांनो, सगळं उडवून पुन्हा बसवण्याआधी 'व्हेअर' लिहून पुढे प्रोग्रामचं नाव टाका. पॉवरशेलमध्ये 'व्हेअर डॉट ईएक्सई'. उत्तर आलं नाही तर पाथ तपासा. दोन जागा दिसल्या तर सहसा वरची चालते. आणि पाथ बदलल्यावर खिडकी बंद करून नवी उघडा. उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ धरून बसते.