कपिलविना एक कसोटी

1984-85 च्या हिवाळ्यात डेव्हिड गॉवरचा इंग्लंड संघ भारतात आला. मुंबईची पहिली कसोटी शिवरामकृष्णनच्या 12 बळींमुळे भारताने जिंकली. दिल्लीत मात्र अनिर्णित सुटू शकणारा सामना हातचा गेला. शेवटच्या दिवशी पोकॉक आणि एडमंड्स यांच्या फिरकीपुढे डाव 235 धावांत आटोपला. संदीप पाटील आणि कपिलदेव उंच फटके मारताना बाद झाले होते.

मालिका 1-1 अशी असताना चंदू बोर्डे यांच्या निवड समितीने कोलकात्यासाठी दोघांनाही वगळले. शिस्तीचा मुद्दा रास्त होता. पण एका फटक्यासाठी संघातला सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू बाहेर बसवणे ही जबर किंमत होती. ईडन गार्डन्सवरचा रोष कर्णधार सुनील गावसकरांवर निघाला. पाटीलच्या जागी आलेल्या अझरुद्दीनने पदार्पणातच 110 धावा केल्या, सामना अनिर्णित राहिला.

कपिल चेन्नईत परतला, पण ती कसोटी आणि मालिका इंग्लंडनेच जिंकली. 131 कसोटींच्या कारकिर्दीत त्याची हुकलेली कसोटी ही एकच. पाटील पुन्हा कसोटी खेळला नाही.