कलम ३१४ आणि मुंबईचे पदपथ

मुंबईच्या पदपथांवर संसार मांडणाऱ्यांना महापालिकेच्या कायद्याने दीर्घकाळ रहिवासी म्हणून ओळखलेच नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील ३१२ व ३१३ ही कलमे रस्त्यावर वाहतुकीस अडथळा होईल असे बांधकाम करण्यास किंवा वस्तू ठेवण्यास मनाई करतात, आणि कलम ३१४ ती पूर्वसूचनेशिवाय हटविण्याचा अधिकार आयुक्तांना देते. त्यामुळे या कलमांच्या दृष्टीने झोपडी म्हणजे रस्त्यावर पडलेली एक वस्तू ठरते आणि तिच्यात राहणारे कुटुंब हिशेबात येतच नाही. माणसाची दखल घेणारा कायदा निराळा होता, पण तो अधिक उदार होता असे म्हणवत नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंध अधिनियमाने, उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा स्थितीत सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत आणले आणि त्याला वॉरंटशिवाय अटक करण्याची मुभा पोलिसांना दिली.

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात शासनाने पादचाऱ्यांच्या गैरसोयीबरोबरच पदपथवासीयांच्या कथित गुन्हेगारी प्रवृत्तीचाही मुद्दा मांडला. न्यायालयाने तो फेटाळताना टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहण्यांचा आधार घेतला: ५३ टक्के लोक भाजी, फुले, खेळणी, बटणे असे काहीबाही विकून स्वतःचा धंदा करीत होते, ३८ टक्क्यांहून अधिक हमाली, बांधकाम, घरकाम अशा मजुरीवर होते आणि बेकार अवघे १.७ टक्के होते.

सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी दिलेला निकाल मात्र स्तुतिपाठक सांगतात तितका एकतर्फी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे त्याने मान्य केले. परंतु पदपथावर राहण्याचा हक्क कोणालाही नाही असे सांगून कलम ३१४ वैध ठरविले. पूर्वसूचना न देण्याची तरतूद केवळ अपवादात्मक प्रसंगी वापरावयाची आहे, एरवी नैसर्गिक न्यायानुसार, म्हणजे बाधित व्यक्तीला आपली बाजू मांडू देऊनच, कारवाई व्हावी, एवढाच संकोच त्या कलमाचा झाला. झोपड्या ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरल्यानंतर महिनाभर, हलवू नयेत असे ठरले. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावयाची होती, तीही हटविण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. आणि कामाच्या ठिकाणाजवळ राहता यावे म्हणूनच माणसे पदपथ पत्करतात हे ज्या निकालाने मान्य केले, त्यातच या जागेसाठी नाव घेतले गेले ते दूरच्या उत्तर उपनगरातील मालवणीचे.