अपुऱ्या अक्षराची जबाबदारी : संगणकीय लेखनसत्राचा इतिहास

टंकलेखन यंत्रावर कळ दाबली की ठसा कागदावर उमटत असे. कळ आणि अक्षर यांच्यामध्ये थांबायला जागाच नव्हती. मराठी टंकयंत्रावर अर्धी अक्षरे, काना, मात्रा यांना स्वतंत्र कळा होत्या आणि टंकलेखक हे तुकडे जुळवून शब्द उभा करी. संगणकावर हे चित्र बदलले. उच्चारानुसारी पद्धतीने मराठी लिहिणारी व्यक्ती इंग्रजी कळफलकावर ‘के’ ही कळ दाबते, तेव्हा तिला काय लिहायचे आहे हे संगणकाला निश्चित ठाऊक नसते. पुढची कळ ‘ए’ असेल तर ‘क’ लिहायचा असतो, ‘एच’ असेल तर ‘ख’कडे जायचे असते. तोवर पडद्यावर जे दिसते ते अपुरे अक्षर असते.

हे अपुरे अक्षर कोणी सांभाळायचे, ते पूर्ण झाले असे कोणी ठरवायचे आणि लिहिणाऱ्याने मध्येच दुसरीकडे लक्ष वळवले तर त्याचे काय करायचे? हे प्रश्न तांत्रिक वाटतात. परंतु ज्यांची भाषा रोमन लिपीत लिहिली जात नाही अशा सर्वांच्या लेखनाशी त्यांचा थेट संबंध आहे. या प्रश्नांना वेळोवेळी कोणती उत्तरे मिळाली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जपानमधील आरंभ

या इतिहासाचा आरंभ जपानमध्ये सापडतो. जपानी लेखनात उच्चारदर्शक काना आणि चिनी मूळ असलेली कांजी ही चिन्हे एकत्र येतात. कांजींची संख्या हजारोंच्या घरात असल्याने प्रत्येकीला एक कळ देणे अशक्य होते. शिवाय एकाच उच्चाराच्या अनेक कांजी असतात. तोशिबा कंपनीने सप्टेंबर १९७८ मध्ये ‘जेडब्ल्यू-१०’ हे शब्दसंस्करण यंत्र जाहीर केले. त्याची किंमत ६३ लाख येन होती आणि आकार एखाद्या टेबलाएवढा. त्यात कानामध्ये लिहिलेल्या मजकुराचे कांजीत रूपांतर यंत्र सुचवत असे आणि योग्य पर्याय लिहिणारा निवडत असे.

येथून लेखनाचे तीन टप्पे रूढ झाले : प्रथम कच्चा मजकूर, मग पर्यायांची निवड आणि शेवटी स्वीकृती. स्वीकृती होईपर्यंतचा मजकूर दस्तऐवजाचा भाग नसतो. तो मधल्या व्यवस्थेच्या ताब्यात असतो. या मधल्या व्यवस्थेलाच पुढे ‘इनपुट मेथड’ असे नाव मिळाले.

सत्राची कल्पना

सुरुवातीला प्रत्येक यंत्र किंवा सॉफ्टवेअर आपली लेखनव्यवस्था स्वतःबरोबर आणत असे. एकाच संगणकावर अनेक खिडक्या व अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालू लागल्यावर ही व्यवस्था सामाईक करण्याची गरज भासली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये ‘एक्स विंडो’ प्रणालीचे काम सुरू झाले आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. या आवृत्तीच्या १९९१ मधील पाचव्या प्रकाशनात इनपुट मेथडला प्रथम स्थान मिळाले. १९९४ मधील सहाव्या प्रकाशनात ‘एक्सआयएम’ हा प्रमाणित संवादनियम निश्चित झाला.

या आराखड्याचा गाभा ‘इनपुट कॉन्टेक्स्ट’ हा आहे. मराठीत त्याला लेखनसत्र म्हणता येईल. मजकूर लिहिण्याच्या प्रत्येक जागेसाठी एक सत्र उघडले जाते. दाबलेली कळ आधी त्या सत्राला दाखवली जाते. सत्राने ती स्वीकारली तर मूळ प्रोग्रॅमने तिच्याकडे दुर्लक्ष करायचे. नाकारली तर ती प्रोग्रॅमची. लिहिणारा त्या जागी आला की सत्राला तसे कळवायचे, तो दुसरीकडे गेला की तेही कळवायचे, कर्सर अचानक हलला तर सत्र पूर्वस्थितीला आणायचे आणि काम संपले की ते बंद करायचे. इतक्या थोड्या क्रियांवर सारा डोलारा उभा आहे. यांपैकी एखादी क्रिया प्रोग्रॅमने वगळली की शेवटचे अक्षर हरवते किंवा दोनदा उमटते, आणि कधी भलत्याच चौकटीत जाऊन बसते.

एक्सआयएमच्या दोन मर्यादा लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, इनपुट मेथड ही ती उघडतानाच्या एका भाषिक-प्रादेशिक मांडणीशी बांधलेली असे. एका प्रोग्रॅमची एक भाषा, हे त्यामागचे गृहीतक होते. ज्या घरांत आणि शाळांत एकाच पानावर मराठी व उर्दू दोन्ही लिहिल्या जातात, त्यांच्यासाठी ते अपुरे होते. दुसरी मर्यादा अशी की, लेखनव्यवस्था स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चालत असे. तिच्या उत्तरासाठी मूळ प्रोग्रॅम थांबून राही, आणि ती बंद पडली तर तोही गोठून जाई.

भारतीय लिपींचा निराळा मार्ग

भारतात याच काळात वेगळा विचार चालू होता. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाणित केला. त्यात स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे आहेत आणि ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींसाठी मांडणी समान आहे. देवनागरीत हात बसलेला विद्यार्थी कन्नड, तेलुगू किंवा गुजराती अक्षरे त्याच जागी शोधू शकतो. बेळगाव, हैदराबाद किंवा बडोद्यातील वाचकांना या सोयीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे संकेतमानक (आयएस १३१९४) आले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली.

इनस्क्रिप्टमध्ये साधारणतः एका कळीला एक संकेत मिळतो. जोडाक्षराचा आकार कसा दिसावा हे नंतर अक्षरचित्रणाची यंत्रणा ठरवते. त्यामुळे अपुरे अक्षर धरून ठेवण्याची गरजच पडत नाही. उर्दूचेही मूलतः असेच आहे. कळ अक्षर देते. ते शब्दाच्या आरंभी, मध्ये की शेवटी कोणते रूप घेईल हे चित्रणाच्या वेळी ठरते. म्हणजे आपल्या दोन्ही लिपींना लेखनसत्राविना वाट काढता आली असती. प्रत्यक्षात मात्र इनस्क्रिप्टचा सराव न झालेला मोठा वर्ग उच्चारानुसारी पद्धतीकडे वळला आणि तेथे सत्राची गरज पुन्हा उभी राहिली.

ही गरज भागवण्यात जपानी संशोधकांचा वाटा मोठा आहे. त्सुकुबा येथील इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत केन्इची हांदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमॅक्स या संपादकासाठी ‘म्यूल’ ही बहुभाषिक व्यवस्था घडवली. १९९७ च्या ईमॅक्स २० मध्ये ती मूळ प्रवाहात आली. ही प्रयोगशाळा पुढे एआयएसटी या संस्थेत विलीन झाली आणि तेथून २००४ मध्ये ‘एम१७एन’ हा प्रोग्रॅमसंच प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक कळफलक हा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो : अमुक कळा आल्या तर अमुक अक्षर. मराठीसाठी इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक अशा फाइली आणि उर्दूसाठी फोनेटिक फाइल या व्यवस्थेत आल्या. लिनक्सवर मराठी लिहिणाऱ्या अनेकांच्या हाताखाली आजही हेच काम आहे.

भाषाजोडणीचा प्रश्न

मार्च २००२ मध्ये जीटीके+ ची दुसरी आवृत्ती आली. लेखनसत्र हा तिच्यात एक स्वतंत्र घटक आहे. कळ तपासणे, कर्सरची जागा कळवणे, कच्चा मजकूर मागणे, स्वीकृत मजकूर घेणे अशी त्याची ठरलेली कामे आहेत. तयार मजकूर-चौकट वापरली तर हे सारे तीच सांभाळते. प्रोग्रॅमकर्ता स्वतःची लेखनजागा घडवतो, तेव्हा मात्र ही जबाबदारी त्याच्यावर येते.

जीटीके सी भाषेत लिहिलेले आहे. महाविद्यालयांत छोटे प्रोग्रॅम लिहिणारे शिक्षक व विद्यार्थी मात्र पायथॉन, पर्ल, रूबी यांसारख्या भाषा वापरतात. या भाषांतून सी मधील घटक वापरता यावेत म्हणून जो दुवा तयार केला जातो त्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात. वरवर पाहता हे नुसते नावांचे रूपांतर वाटते. प्रत्यक्षात त्यात मोजमापाचा प्रश्न दडलेला आहे.

‘कलम’ हा शब्द घ्या. मराठीत व उर्दूत तो एकच आहे आणि दोन्हींत तीन अक्षरांचा आहे. युटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीतील ‘कलम’ ९ बाइट घेतो, उर्दूतील ६ बाइट, तर इंग्रजीतील ‘पेन’ हा तीन अक्षरी शब्द ३ बाइट. जीटीकेच्या सत्रात आजूबाजूचा मजकूर देताना कर्सरची जागा बाइटमध्ये सांगावी लागते. कच्च्या मजकुरातील कर्सर आणि पुसावयाचा मजकूर मात्र संकेतचिन्हांत मोजला जातो. पायथॉन २ मध्ये जीटीकेकडून आलेला ‘कलम’ नऊ लांबीचा भरे. पायथॉन ३ मध्ये तो तीनच असतो. हा फरक न ओळखणारा प्रोग्रॅम इंग्रजीत बिनचूक चालतो, कारण तेथे दोन्ही मोजमापे एकच उत्तर देतात. चूक उघडी पडते ती मराठीत किंवा उर्दूत, आणि तीही प्रोग्रॅम वापरात आल्यावर. ‘क्षमा’ या शब्दात तर डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, संकेतचिन्हे पाच असतात आणि बाइट पंधरा.

यावर पुढे जो उपाय रूढ झाला तो ‘इंट्रोस्पेक्शन’चा. सी मधील प्रत्येक क्रियेचे यंत्राला वाचता येईल असे वर्णन एकदाच तयार करायचे : कोणती किंमत परत येते, स्मृतीतील जागा मोकळी करण्याची जबाबदारी कोणाची, इत्यादी. त्या वर्णनावरून अनेक भाषांचे दुवे मिळतात. २०११ मध्ये जीटीके ३ आल्यावर पायथॉनचा जुना हाताने लिहिलेला दुवा मागे पडला आणि ही पद्धत पुढे आली. मोजमापाची सावधगिरी मात्र तिनेही संपलेली नाही.

त्याच सुमारास लेखनव्यवस्थाही बदलली. रेड हॅटमधील पेंग हुआंग यांनी सुरू केलेली ‘आयबस’ ही व्यवस्था २००९ च्या फेडोरा ११ मध्ये मुख्य झाली आणि २०१२ मध्ये ग्नोम ३.६ शी तिची थेट जोडणी झाली. तिच्या आरंभीच्या आवृत्तीचा मोठा भाग पायथॉनमध्येच लिहिलेला होता. मराठी व उर्दू यांच्यात एका कळीने अदलाबदल करणे आता नित्याचे झाले आहे. परंतु सत्राची मूळ शिस्त तीच राहिली.

शिक्षकांसाठी निष्कर्ष

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. लिपीला संकेत मिळाले आणि सुबक फाँट मिळाला, एवढ्याने ती संगणकावर पूर्णपणे नांदू लागत नाही. संकेत लिहून झालेल्या अक्षराचे असतात. लेखनसत्र लिहिल्या जात असलेल्या अक्षराचे रक्षण करते. या दुसऱ्या बाजूची उपेक्षा सहज होते, कारण इंग्रजीत काम तपासणाऱ्याला ती जाणवतच नाही.

म्हणून महाविद्यालयात प्रवेश-अर्ज, ग्रंथसूची किंवा गुणपत्रिका यांसाठी एखादे सॉफ्टवेअर घेताना अथवा विद्यार्थ्यांकडून करवून घेताना तीन साध्या चाचण्या घ्याव्यात. उच्चारानुसारी पद्धतीने नाव लिहून शेवटचे अक्षर अपुरे असतानाच दुसऱ्या चौकटीत जावे. शब्दाच्या मध्ये कर्सर नेऊन एक जोडाक्षर पुसावे. एकाच ओळीत मराठी व उर्दू नाव लिहून मग जतन करावे. तिन्ही वेळा लिहिलेले तसेच राहिले तर ते सॉफ्टवेअर आपल्या विद्यार्थ्यांसाठी योग्य समजावे. न राहिल्यास दोष लिपीचा नाही आणि लिहिणाऱ्याचाही नाही. सत्र नीट सांभाळले गेलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. विद्यार्थ्याचे नाव कागदोपत्री चुकले की ते दुरुस्त करण्यासाठी त्याला किती खेटे घालावे लागतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे. ते टाळण्याची पहिली संधी अक्षर अपुरे असतानाच असते.