प्रतिबंधक : संगणक सुरू का होत नाही, याचा इतिहास

कार्यकारणभावाचा विचार आपण बहुधा ग्रंथांच्या आधारानं करतो. आज तो टेबलावरच्या एका यंत्राच्या आधारानं करू. काल रात्री नीट बंद केलेला संगणक सकाळी सुरूच होत नाही. आतला पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा. किंवा कंपनीचं चिन्ह येतं आणि तिथंच थिजतं. घरातले सगळे एकच निष्कर्ष काढतात, "गेला!" हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा असतो. यंत्र धडधाकट असतं, पण बाहेरून जोडलेली एखादी वस्तू त्याला अडवून बसलेली असते. ही अडवणूक मुळात आली कुठून, ते आधी बघू.

संगणक सुरू होण्याला 'बूट' होणं म्हणतात. हा शब्द 'बूटस्ट्रॅप'वरून आला. बूट पायात ओढून घेण्यासाठी त्याला मागे जो पट्टा असतो, तो बूटस्ट्रॅप. आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणं, असा इंग्रजीतला एक अशक्य खटाटोप आहे. संगणकापुढे नेमका हाच पेच होता. कुठलाही प्रोग्रॅम स्मृतीत आणायचा तर तो आणणारा दुसरा प्रोग्रॅम आधी तिथं हवा. मग त्याला कोण आणणार? आपल्या नैयायिकांनी या दोषाला 'अनवस्था' म्हटलं आहे. साखळी मागे मागे जाते आणि कुठंच थांबत नाही.

१९५२ साली जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ या संगणकात ही साखळी एका बटणानं तोडली. 'लोड' बटण दाबलं की यंत्र कार्ड, टेप किंवा ड्रम यांपैकी निवडलेल्या साधनावरून पहिला शब्द वाचत असे, आणि तिथून पुढचं सारं एकामागून एक आत येई. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवू. यंत्राची पहिली चेतना बाहेरच्या जोडणीतूनच येत होती. म्हणजे हे परावलंबन जन्मापासूनचं आहे. १९७५ सालच्या अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकावर तर माणूस समोरच्या पट्टीवरचे खटके वरखाली करून सुरुवातीच्या सूचना हातानं भरत असे. वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्यात सुरुवातीच्या सूचना एका कायमच्या चिपमध्ये कोरलेल्या होत्या. तिलाच आपण बायॉस म्हणतो. वीज मिळाली की बायॉस आधी स्वतःची तपासणी करतो, स्मृती मोजतो, कीबोर्ड आहे का ते पाहतो. सगळं ठीक असेल तर एक छोटी 'बीप' वाजते. कीबोर्डात दोष असेल तर या यंत्रावर ३०१ हा आकडा दिसे. पुढं अनेक संगणकांत याच प्रसंगी सूचना येऊ लागली, की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ ही कळ दाबा! कीबोर्डच नाही तर कळ कुठली दाबायची? या विनोदावर एक अख्खी पिढी हसली.

त्या यंत्राची खरी ताकद त्याच्या पाच रिकाम्या खाचांत होती. कोणीही कार्ड बनवावं आणि त्यात बसवावं. या मोकळेपणामुळे तो घरोघरी, कचेरीकचेरीत पोचला. पण घराचं दार सर्वांना उघडं ठेवलं की कोण येऊन उंबऱ्यावर बसेल, ते सांगता येत नाही. बायॉस आधी फ्लॉपीच्या कप्प्यात डोकावत असे आणि मग हार्ड डिस्ककडे वळे. संध्याकाळी कप्प्यात पत्रांची फ्लॉपी विसरली, की सकाळी बायॉस तीच उचलायचा. तिच्यावर प्रणाली नसायची, आणि ही चालणारी डिस्क नव्हे, बदला, असा संदेश येऊन यंत्र थांबायचं. बिघाड कशातच नसायचा. फ्लॉपी काढली की काम चालू.

याच दारातून विषाणूही शिरले. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी बनवलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या पहिल्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये बसून पसरला. १९९० साली भारतात सापडलेल्या एका विषाणूचं आडनाव तर आपल्या शेजारघरचं, 'जोशी'! दर ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी, आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप केल्याशिवाय सोडत नसे.

पुढची दहा वर्षं भांडणांची गेली. यंत्राचं लक्ष वेधून घेण्यासाठी प्रत्येक कार्डाला एक क्रमांक लागे, आणि ते क्रमांक मोजकेच होते. दोन कार्डांनी एकच क्रमांक धरला की दोन्ही अडत, कधी सारं यंत्रच गोठे. १९८६ साली प्रमाणित झालेल्या स्कझी पद्धतीत उपकरणांची माळ असे. माळेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, प्रत्येक मण्याचा क्रमांक वेगळा हवा. एक चुकलं की मुख्य डिस्कसुद्धा दिसेनाशी होई. विंडोज ९५ नं 'प्लग अँड प्ले'चं, म्हणजे जोडा आणि वापरा असं आश्वासन दिलं. लोकांनी त्याचं 'प्लग अँड प्रे' केलं : जोडा आणि देवाचा धावा करा.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचं पहिलं मानक आलं. त्यामागे इंटेलमधले अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. एकच खाच, सर्व उपकरणांना. पण २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात, खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर, विंडोज ९८ चालणाऱ्या संगणकाला यूएसबी स्कॅनर जोडला आणि सर्वांदेखत पडदा निळा झाला. आज फ्लॉपी गेली, तिची जागा पेनड्राइव्हनं घेतली. बायॉसच्या यादीत यूएसबीचा क्रम वर असेल, तर विसरलेला पेनड्राइव्ह तेच करतो जे फ्लॉपी करत होती. उपकरणात शॉर्ट असेल तर ते वीज खेचून घेतं. कार्ड रीडर किंवा हब उत्तरच देत नाही आणि यंत्र वाट बघत राहतं.

आता आपल्या शास्त्राकडे येऊ. आग जाळते. पण चंद्रकांत मणी जवळ ठेवला तर ती जाळत नाही, असं एक उदाहरण जुने तार्किक घेत. मणी खरोखर तसा असतो का, हा आपला प्रश्न नाही, युक्तिवाद बघा. मीमांसक म्हणाले, आगीत दाहशक्ती नावाचं वेगळं तत्त्व आहे, मण्यामुळे ते नष्ट होतं. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त याचा प्रतिवाद केला. नैयायिकांचं म्हणणं असं : मणी दूर केला की आग पुन्हा जाळते. मग शक्ती मरते, पुन्हा जन्मते, हे कशाला मानायचं? मणी हा प्रतिबंधक आहे. प्रतिबंधक नसणं, हेसुद्धा दाहाचं एक कारण आहे, एवढं मानलं की पुरे. अभावही कारण असतो!

"मदरबोर्ड गेला" म्हणणारे आपण सगळे त्या क्षणी मीमांसकांच्या बाजूला असतो. यंत्राची शक्तीच नष्ट झाली, असं मानतो. नैयायिक आधी विचारेल, मणी कुठं ठेवलाय?

तो शोधण्याची रीत म्हणजे अन्वय-व्यतिरेक. अमुक असताना घडतं, तो अन्वय. नसताना घडत नाही, तो व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडलेली भेदाची पद्धत याच कुळातली. संगणकापुढे ती अशी चालते. संगणक बंद करा, प्लग काढा. पडदा सोडून सगळं सोडवा : पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क, हब, कॅमेरा, कीबोर्ड, माउससुद्धा. मागच्या बाजूला हात घालून बघा, तिथल्या वस्तू विसरल्या जातात. मग सुरू करा. सुरू झाला तर दोषी बाहेर आहे. आता पुन्हा बंद करून एकच वस्तू जोडा, सुरू करा; मग दुसरी. दोन वस्तू एकदम जोडल्या की पुरावा बिघडतो.

ज्या वस्तूपाशी अडलं, तिला लगेच फाशी देऊ नका. ती काढून पुन्हा पाहा, परत जोडून पुन्हा पाहा. मग तीच वस्तू दुसऱ्या खाचेत, दुसऱ्या केबलनं जोडा. दोष वस्तूचा, केबलचा की खाचेचा, ते वेगळं होईल. अडवणारा साधा पेनड्राइव्हच असेल, तर बायॉसमध्ये हार्ड डिस्कचा क्रम पहिला करा. प्रश्न कायमचा मिटेल. कुंभाराच्या गाढवाचा दृष्टांत आपण पूर्वी पाहिला आहे. गाढव माती आणतं, घट होण्याआधी ते हजर असतं, तरी ते घटाचं कारण नव्हे, ते अन्यथासिद्ध. तसं, काल नवा प्रिंटर आला आणि आज यंत्र अडलं, एवढ्यावरून प्रिंटर दोषी ठरत नाही. आणि सगळं सोडवूनही यंत्र अडलेलंच असेल, तर दोष आत आहे असं समजायला जागा आहे. मग जाणत्याला बोलवावं.

हा केवळ बुद्धीचा खेळ नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेचा संगणक असाच अडला. दुरुस्तीवाल्यानं डिस्क पुसून प्रणाली नव्यानं भरली. यजमानांचे अखेरच्या वर्षातले फोटो त्यात गेले. संगणक घरी आला, सगळं पूर्वीसारखं जोडलं, आणि तो पुन्हा तिथंच अडला. मागे एक जुना कार्ड रीडर लावलेला होता. तो काढला आणि यंत्र सुरळीत सुरू झालं. बाईंनी आम्हाला एवढंच विचारलं, "सर, हे आधी नसतं का करता आलं?" आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून क्रम सांभाळू या. जे परत जोडता येतं ते आधी काढावं. जे परत आणता येत नाही त्याला शेवटी हात लावावा. डिस्क पुसायला कोणी निघालाच, तर आधी त्याच्याकडून सर्व वायरी सोडवून घ्या आणि यंत्र एकदा तसंच सुरू करून पाहायला सांगा. आज इथं थांबू.