टांकसाळीचं दार बंद झालं तेव्हा

जून 1893. मुंबईत पावसाने जोर धरलाय आणि तुम्ही फोर्टात, टाऊन हॉलमागच्या टांकसाळीत उभे आहात. हमालांनी समोर उतरवलेली चांदी तुमची आहे. हजार तोळे शुद्ध चांदी, बोटीने आलेली. वजन होतं, कस लावायला तुकडा काढून घेतात, हातात पावती पडते. सरकारची घडणावळ शेकडा 2 च्या आसपास. ती वजा जाऊन तुम्हाला साधारण 1070 रुपये मिळतील. रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 180 ग्रेन, आणि त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी. चांदी आणा, रुपये न्या. कुणालाही मज्जाव नाही.

रुपयाची सगळी पत या दारावर उभी आहे. रुपया चांदीच्या भावाने चढतो, चांदीच्याच भावाने उतरतो. तिकडे पौंड सोन्याला बांधलेला. त्यामुळे रुपया आणि पौंड यांचा दर म्हणजे खरं तर चांदी आणि सोनं यांचाच दर.

वीसेक वर्षं मागे जाऊन बघा. 1871 च्या सुमारास रुपयाला जवळपास 2 शिलिंग मिळतायत, म्हणजे 10 रुपयांना एक पौंड. मग जर्मनी सोन्याकडे वळते आणि आपली चांदी बाजारात काढते, पाठोपाठ युरोपातले इतर देश चांदीला टांकसाळी बंद करतात, अमेरिकेत नेवाडाच्या खाणी चांदी ओततच असतात. रुपया घसरत घसरत 1 शिलिंग 3 पेन्सवर येतो. एका पौंडाला 16 रुपये.

तुम्ही मुंबईचे व्यापारी असाल तर तुम्हाला याचा फारसा जाच नाही. ज्वारी रुपयांत, मजुरी रुपयांत. तुमच्या गिरणीचं सूत चीनला जातं आणि चीनही चांदीवरच चालतो. जाच आहे तो सरकारला. रेल्वेचं व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, असे दरसाल सुमारे 1 कोटी 60 लाख पौंड तिकडे भरायचे. दहाच्या दराने 16 कोटी रुपये, सोळाच्या दराने 25 कोटींच्या वर. ही रक्कम कुणाच्या खिशातून येते ते शेतसारा भरणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

26 जून, सोमवार. सिमल्यात व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांच्या कौन्सिलात कायदा येतो आणि त्याच दिवशी मंजूर होतो. आता टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद. रुपये पाडायचे की नाही ते सरकार ठरवणार. रुपयांची टंचाई झाली की दर चढेल, तो 1 शिलिंग 4 पेन्सवर न्यायचा, म्हणजे पौंडाला 15 रुपये, असा हिशेब. चांदीची पुढची खेप घेऊन तुम्ही फोर्टात जाता आणि हात हलवत परत येता. तीस वर्षांनी, 1923 साली, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात डॉ. आंबेडकर ज्या रुपयाची चिरफाड करणार आहेत, तो रुपया इथून घडू लागतो.

1893 मध्येच गोऱ्या अधिकाऱ्यांना हुंडणावळीचा भत्ता सुरू होतो. अर्धा पगार, ठरीव मर्यादेपर्यंत, 1 शिलिंग 6 पेन्सच्या दराने पौंडांत बदलून मिळाल्यासारखा. त्यांचं नुकसान सरकारला दिसलं. पुढे काय होतं ते पाहताना हे विसरू नका.

दर लगेच चढत नाही. आधी 1 शिलिंग 1 पेन्सपर्यंत खाली जातो. चांदी त्याहून वेगाने कोसळते. मग पैशाची चणचण वाढत जाते आणि 1898 मध्ये सरकारला हवा तो दर हाती लागतो: रुपयाला 16 पेन्स, म्हणजे आण्याला एक पेनी. सारा तेवढेच रुपये, पण प्रत्येक रुपया मिळवणं जास्त कष्टाचं. 1898 च्या चलन समितीपुढे दादाभाई नौरोजी हेच मांडतात: रुपया चढवणं म्हणजे न सांगता वाढवलेला कर.

आता सन 1900, नगर जिल्हा. पावसाने पाठ फिरवली आहे, जनावरं विकून झाली आहेत. तुम्ही बाजारपेठेत सराफाच्या ओट्यावर बसला आहात आणि पदरातून वाळे, तोडे, साखळ्या काढून तराजूत ठेवता. वीस वर्षांपूर्वी तुमच्या सासूबाईंनी चाळीस रुपये सोनाराला वितळवायला देऊन हे घडवून घेतलं होतं. चाळीस रुपये, चाळीस तोळे. अडीअडचणीला मोडू, हाच त्यामागचा विचार, आणि तो चोख होता: मोडीची चांदी सराफाकडून टांकसाळीत जायची, तिचे पुन्हा रुपये व्हायचे, म्हणून तोळ्याला रुपयाच्या जवळपास भाव मिळायचाच.

सराफ कसोटीवर घासतो, वजन करतो. चाळीस तोळे भरतात. भाव सांगतो दहा आणे तोळा. पंचवीस रुपये.

तुम्ही घासाघीस करता, पण या वेळी सराफ तुम्हाला लुबाडत नाहीये. रुपयात जेवढी चांदी असते तेवढ्या चांदीला लंडनमध्येच 10 पेन्सच्या आसपास मिळतात. त्याच चांदीवर राणीचा छाप असेल तर सोळा आणे, तोड्यात असेल तर दहा. या घरातले पंधरा रुपये कुणी चोरले नाहीत, एका कायद्याने गेले. दख्खनच्या गावागावांत बायकांच्या हातापायांतली चांदी ही अनेक घरांची एकमेव ठेव होती. तिच्यासाठी कुठलाही भत्ता निघाला नाही.

आणि त्याच 1900 साली सरकार पुन्हा रुपये पाडायला घेतं. बाजारातून दहा आण्यांची चांदी घ्यायची, सोळा आण्यांचा रुपया काढायचा. मधल्या सहा आण्यांचा नफा विनिमयदर सांभाळण्यासाठी काढलेल्या सोन्याच्या गंगाजळीत जमा होतो, आणि ती गंगाजळी लंडनमध्ये, ब्रिटिश कर्जरोख्यांत गुंतवली जाते.